मिठातलं पाणी

आपली चूक सापडली की माणूस आधी इकडेतिकडे बघतो, मग ती कुणाच्या गळ्यात मारता येईल याचा विचार करतो. धाकटीने तसं काही केलं नाही. ती हातात बरणी धरून लॅबच्या मधोमध उभी राहिली आणि हसायला लागली.

"काय झालं बाईसाहेब, लग्नबिग्न ठरलं की काय?" खिडकीजवळच्या टेबलावरून लांब्याने विचारलं.

"बफर चुकलंय," ती म्हणाली. "मी चुकवलंय."

लांब्याने पिपेट खाली ठेवली. या खोलीत चूक कबूल करणारी माणसं त्याने पाहिली होती, कुणी रडत, कुणी दुसऱ्याचं नाव घेत. हसत कबूल करणारं कुणी पाहिलं नव्हतं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो उठून उभा राहिला.

"कुठलं? परवाचं?"

"परवाचं."

"तुमच्या घरचं?"

"आमच्या घरचं," ती म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू आलं.

इस्पितळाच्या मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ही दोन खोल्यांची लॅब. माणसं तीन. मॅडम, म्हणजे प्रमुख. लांब्या, ज्याला फ्रीझरच्या वरच्या कप्प्यातलं काढायला स्टूल लागत नाही. आणि धाकटी. घरात भावंडांत लहान म्हणून धाकटी, इथे सगळ्यांच्या मागून लागली म्हणून इथेही धाकटीच.

काम एकच. काही मुलं जन्मतात तेव्हा ठणठणीत असतात. हसतात, पालथी पडतात, बसतात, दोनचार शब्द बोलतात. मग एकेक गोष्ट परत जायला लागते. बसणारं मूल कलंडायला लागतं. बोलणारं गप्प होतं. पेशीत रोज साठणारा कचरा साफ करणारं एक एंझाइम त्यांच्यात नसतं, कचरा साचत जातो आणि मूल आतून बुजत जातं. यावर औषध नाही. 'औषध नाही' एवढे दोन शब्द सांगायला मोठमोठे डॉक्टर चित्रं काढतात, गोल काढतात, बाण काढतात. आईबापांना ते डॉक्टर पेन उचलतो तेव्हाच कळलेलं असतं.

ते एंझाइम आहे की नाही हे ही लॅब सांगते. मुलाच्या पेशी घ्यायच्या, त्यात एक रसायन घालायचं, बफर घालायचं, अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवायचं. एंझाइम असेल तर ते रसायन तोडतं, आणि जांभळ्या दिव्याखाली धरल्यावर नळी निळी उजळते. नसेल तर नळी काळी राहते.

यात बफर कशाला, तर एंझाइम हा महा नखरेल प्रकार असतो. त्याला अमुक इतकाच आंबटपणा लागतो. जरा कमी झाला, जरा जास्त झाला की हात आखडता घेतो. बफर म्हणजे तेवढा आंबटपणा धरून बसणारं पाणी. थोडं अ‍ॅसिड पडलं, थोडी अल्कली पडली, तरी ते जागचं हलत नाही. ते बनवायचं काम धाकटीचं. सायट्रिक अ‍ॅसिडचं द्रावण एकीकडे, फॉस्फेट नावाच्या मिठाचं दुसरीकडे, आणि भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे दोन्ही मिसळायची. याचं इतकं, त्याचं इतकं, की पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, चार पॉइंट चार. मग मीटर बुडवून खात्री करायची.

मीटर बंद होता. त्याची काचेची दांडी तडकली होती, नवी मागवली होती, ती येत होती. इस्पितळात कुठलीही गोष्ट नेहमी येतच असते. तोवर मॅडमनी सांगितलं होतं, "तक्त्याप्रमाणे मिसळा. तक्ता कधी चुकत नाही."

तक्ता चुकला नव्हता.

धाकटीच्या दादाची पहिली मुलगी याच रोगाने गेली. तिला घरात सगळे पिल्लू म्हणायचे. तिचा रिपोर्ट याच लॅबमधून निघाला होता. तेव्हा धाकटी रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरात बसली होती आणि रिपोर्ट आणायला तीच आली होती. तिने मॅडमना विचारलं, "तुम्हाला हे नक्की कसं कळलं?" मॅडमनी तिला आत नेऊन दोन नळ्या दाखवल्या, एक उजळलेली आणि एक काळी. पिल्लू गेल्यावर धाकटी परत आली आणि म्हणाली, मला इथे काम द्या. दादाला ते पटलं नव्हतं. "ज्या विहिरीत माणूस बुडालं तिथेच पाणी भरायला जायचं?" तो म्हणाला होता. ती गेली.

आता वहिनीला पुन्हा दिवस गेले होते. दोघांच्याही रक्तात तो दोष अर्धा अर्धा होता, म्हणजे चारातलं एक मूल तसं निघणार. तीन चांगली निघणार असंही म्हणता येतं. वहिनी तसंच म्हणायची. पोटातलं पाणी काढून त्यातल्या बाळाच्या पेशी वाढवल्या, अर्ध्या तपासणीला घेतल्या, अर्ध्या गोठवून ठेवल्या. घरचं सँपल म्हणून धाकटीने त्याला हात लावायचा नाही, असं मॅडमनी बजावलं. तपासणी लांब्याने केली. बफर तेवढं नेहमीसारखं धाकटीने बनवलं. नळी काळी आली. रिपोर्टवर मॅडमची सही झाली. उद्या सकाळी वहिनीला इस्पितळात दाखल व्हायचं होतं. पोट रिकामं करायला.

आणि आज धाकटीने फॉस्फेटची बरणी उचलली, तर ती ओली.

बरणी इन्क्युबेटरच्या शेजारी राहिली होती, उबेत. आतले खडे बसले होते, कडेने पाणी सुटलं होतं. ही बरणी स्टोअरमधून नवीन आलेली. झाकण तेच, निळं. नाव तेच. धाकटीने ती परवाच उघडली होती. आधीच्या बरणीत पिठासारखी भुकटी असायची, यात काचेच्या चुऱ्यासारखे खडे होते, चमच्याला चिकटणारे. तिला तेव्हा वाटलं होतं की हा माल जरा जाडा आला. घरात साखर जाडी आली तर आपण काय करतो? तोच चमचा, तेच माप.

पण साखर उबेला ठेवली म्हणून पाणी सोडत नाही. तिने बरणी फिरवून लेबल वाचलं, नावाच्या खालची बारीक ओळही वाचली. बारा पाणी.

फॉस्फेटचा प्रत्येक कण आपल्याबरोबर पाण्याचे बारा कण बांधून घेऊन आला होता. हात लावला तर कोरडं, डोळ्याला कोरडं, आणि वजनात अर्ध्याहून जास्त पाणी. जुन्या भुकटीचं माप एकशे बेचाळीस, या खड्यांचं तीनशे अठ्ठावन्न. त्या तीनशे अठ्ठावन्नातले दोनशे सोळा नुसतं पाणी. आणि तिने वजन केलं होतं जुन्या भुकटीच्या हिशेबाने. म्हणजे फॉस्फेट पाच वाट्यांपैकी दोनच वाटे पडलं. सायट्रिक अ‍ॅसिड पुरेपूर पडलं. म्हणजे बफर आंबट झालं, नुसतं आंबट नाही, भलतंच आंबट.

हा गाढवपणा इथेच होऊ शकतो. वाण्याच्या दुकानात होत नाही, सोनाराच्या दुकानात तर नाहीच. तिथे वजन म्हणजे वजन. इथे आधी विचारावं लागतं, कशाचं वजन.

"पण कंट्रोल उजळला होता," लांब्या म्हणाला. कंट्रोल म्हणजे धडधाकट माणसाच्या पेशी, बरोबरीला लावायच्या. त्या उजळल्या म्हणजे सगळं ठीक चाललंय. "माझ्या डोळ्यांनी पाहिला मी. झकास उजळला होता."

"कुठल्या बाटलीतून चालवलास?"

लांब्याने मान खाजवली. "कंट्रोल जुन्या बाटलीतून. तळाला थोडं उरलं होतं. तेवढ्यात दोन्ही भागली नसती, म्हणून तुमचं सँपल नवीन बाटलीतून. फेकून कशाला द्यायचं म्हटलं."

असं करायचं नसतं. असं करायचं नसतं हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे करत होते.

"मग त्या कंट्रोलने काहीच सिद्ध होत नाही. दे टाळी," धाकटी म्हणाली. तिला त्याचा पापा घ्यावासा वाटत होता.

ती परवाच्या बफरची बाटली घेऊन जिन्याने धावत खालच्या मजल्यावर गेली. तिथल्या लोकांकडे मीटर होता आणि मीटरवर बसलेली एक खडूस बाई होती. "कॅलिब्रेट करून वापरा, धुवून ठेवा, दांडी कोरडी सोडू नका," ती म्हणाली. धाकटीने हो हो केलं. दांडी बफरमध्ये बुडवली. आकडे हलले, हलले आणि थांबले.

तीन पॉइंट चार.

एका घराचा फरक. एक घर म्हणजे दहापट आंबट. यात कुठलं एंझाइम काम करणार? यात धडधाकट पोराची नळीसुद्धा काळी आली असती. खडूस बाई बघतच राहिली, कारण मीटरला कुणी हात जोडलेले तिने पाहिले नव्हते.

मॅडमनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचा चेहरा उतरला होता. सही त्यांची होती. "गोठवलेल्यात किती उरलंय?" त्यांनी विचारलं.

"एकदाच होईल एवढं," लांब्या म्हणाला.

"उद्या सकाळी लावा. कंट्रोल आणि सँपल एका बफरमध्ये, एका वेळी. बफर हिनेच बनवायचं, पण मीटर लावून. तपासणी तू कर." मग धाकटीला म्हणाल्या, "घरी काही बोलू नकोस एवढ्यात. उद्याची तारीख पुढे ढकलली, इतकंच सांग."

शहाणपणाचं बोलल्या. धाकटीने मान हलवली आणि बाहेर जिन्यात जाऊन दादाला फोन लावला.

"पटकन बोल, मी शाफ्टमध्ये आहे," दादा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या आवाजामागे घुमत होतं.

"उद्या जाऊ नका."

"कुठे?"

"उद्या वहिनीला घेऊन जाऊ नका. तपासणी चुकलीय. बफर चुकलं होतं, मी चुकवलं. मीठ समजून मी पाणी तोललं, दादा. अर्ध्याहून जास्त पाणीच होतं."

पलीकडे कुणीतरी हातोडी मारत होतं, ती थांबली.

"म्हणजे ती नळी..."

"तशी कुणाचीही आली असती. तुझीसुद्धा आली असती."

दादा शाफ्टमधून बाहेर आला असावा, कारण घुमणं थांबलं. मग म्हणाला, "आमच्यात असं चुकलं तर माणूस खाली जातो."

"आमच्यातही."

"आज वर आला ना पण," दादा म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "हिला सांगतो. आत्ता सांगतो."

तेव्हा ती म्हणू शकली असती, नको सांगूस. थांब, अजून काही नक्की नाही, चूक सापडली म्हणजे उत्तर सापडलं असं नाही. लॅबमधल्या माणसाला हे झोपेतही कळतं. बफर चुकलं याचा अर्थ काहीच कळलेलं नाही, इतकाच. मूल बरं आहे असा नाही. पण धाकटी लॅबमधून जिन्यात आली होती, आणि जिन्यात ती फक्त आत्या होती. ती म्हणाली, "सांग."

संध्याकाळी ती घरी पोचली तर वहिनी मशीनवर बसली होती. वहिनी कपडे सैल-घट्ट करून देते. गिऱ्हाइकांचे कपडे दाराशी पिशव्यांतून येतात, प्रत्येक पिशवीला चिठ्ठी टोचलेली असते. लोकांच्या कमरा सैल करणारी ही बाई इतके दिवस स्वतःच्या ड्रेसला हात लावत नव्हती. पोट वाढत होतं, ड्रेस करकचून बसत होते, बाजूच्या चेनी अर्ध्यावर अडून पिनेने धरलेल्या असत. आई ओरडली तर म्हणायची, रिपोर्ट येऊ दे. रिपोर्ट आला आणि मग तिने पिनासुद्धा कुणाला दिसू दिल्या नाहीत, वरून दादाचा जुना शर्ट घालायला लागली.

आज शर्ट खुंटीला होता. मशीनवर तिचाच निळा ड्रेस होता, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवलेल्या. आत जेवढं कापड दाबलेलं होतं तेवढं सगळं तिने बाहेर काढलं होतं.

"ये," वहिनी म्हणाली. "ही माझी नणंद. चुका करते. सरकार हिला चुका करायचा पगार देतं."

"दिलाच पाहिजे," दादा म्हणाला. "मुलगा झाला तर नाव बफर ठेवायचं."

"आणि मुलगी झाली तर?"

"मग काय, बफरी."

"गप बसा रे," आई आतून म्हणाली. "नाही ते बोलू नका." पण तिच्या आवाजातही हसू होतं, आणि ते घरात कितीतरी महिन्यांनी ऐकू आलं होतं.

"अजून काही नक्की नाही," धाकटी म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की तिचं तिलाच ऐकू गेलं नाही. म्हटलं, एवढंच समाधान.

वहिनीने तिचा हात ओढून पोटावर ठेवला. रिपोर्ट आल्यापासून तिने कुणाला, दादालाही, तिथे हात लावू दिला नव्हता. "थांब जरा," ती म्हणाली. "मघापासून चाललंय याचं. शिवण उसवली ना, मोकळं झालं. आता बघ कसं..."

आतून काहीतरी तळव्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने जे बफर बनवलं तसं त्या लॅबमध्ये कुणी कधी बनवलं नसेल. ओल्या बरणीवर तिचा विश्वास नव्हता. त्यातलं किती पाणी उडालं, किती राहिलं, कुणी सांगावं. खालच्या खडूस बाईकडून तिने कोरड्या भुकटीची बरणी मागून आणली. लेबल वाचलं. लांब्याला वाचायला लावलं. "बिनपाण्याची," तो म्हणाला. तरी ती ओव्हनमध्ये वाळवली, झाकून गार होऊ दिली. अर्ध्या लिटरला चौदा पॉइंट दोन ग्रॅम. तराजूची पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणला, खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला, श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घेतला. सायट्रिक अ‍ॅसिडचं लेबलही वाचलं. त्यात एक पाणी होतं, ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि हिशेबात धरलेलं होतं. तिला त्या एका पाण्याचाही राग आला. हे ठाऊक होतं, मग ते का पाहिलं नाहीस?

मीटर आणला होता. चार आणि सात या दोन ठरलेल्या द्रावणांत बुडवून तो जागेवर आणला. मग तक्त्याप्रमाणे मिसळलं. चार पॉइंट तीन आठ. फॉस्फेटचे थोडे थेंब. चार पॉइंट चार. त्यातलं थोडं दुसऱ्या ग्लासात काढून तिने मुद्दाम अ‍ॅसिडचा एक थेंब टाकला. आकडा जागचा हलला नाही. बफर असं असतं. तिने बाटली लांब्याच्या हातात दिली आणि हात मागे बांधून उभी राहिली, कारण याच्यापुढे तिने कशाला हात लावायचा नव्हता.

लांब्याने गोठवलेली नळी काढली. तळाशी नखाएवढा पांढरा ठिपका. याच्यामागे दुसरं काही नव्हतं. पुन्हा पाणी काढून, पेशी वाढवून तपासायचं तर डॉक्टरांनी दिलेली मुदत केव्हाच संपली असती.

नळ्या उबेत गेल्या. मॅडम आपल्या खोलीत बसून राहिल्या. लांब्याने चहा आणला, तो तसाच गार झाला. दादाचा फोन आला, तिने उचलला नाही. मग वहिनीचा आला. तोही नाही.

वेळ झाली तशी लांब्याने नळ्या काढल्या, शेवटचं द्रावण घातलं आणि काळ्या खोक्यात जांभळ्या दिव्याखाली ओळीने लावल्या. खोक्याच्या फटीतून तिघं बघत होते, डोक्याला डोकं लावून.

कंट्रोल उजळला. काय उजळला. खोकं निळं झालं.

तिसरी नळीही उजळली. ती बाळाच्याच पेशींची होती, दुसऱ्या एका एंझाइमसाठी लावलेली, सँपल मेलेलं नाही ना हे बघायला. सँपल मेलेलं नव्हतं. पेशी चांगल्या होत्या, तगड्या होत्या. बाळ आपल्या सगळ्या एंझाइमांनिशी मजेत होतं.

मधली नळी काळी होती.

लांब्याने ती काढून पुसली आणि परत लावली. मग दिव्याची काच पुसली. मग मशीनमध्ये घालून आकडा काढला. आकडा तोच होता जो रिपोर्टवर होता, दशांशाच्या पुढे इकडचा तिकडे.

चुकीच्या बफरने बरोबर उत्तर दिलं होतं. त्या आंबट पाण्यात जगातल्या कुठल्याही पोराची नळी काळी आली असती, आणि याची खरोखरच काळी होती.

धाकटी खुर्चीवर बसली. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. स्टोअरवाल्याने भलती बरणी पाठवली, पण त्याने काही बिघडलं नाही. लांब्याने कंट्रोल वेगळ्या बाटलीतून चालवला, त्यानेही नाही. ती स्वतः डोळे मिटून वजन करत बसली, त्यानेसुद्धा नाही. इतक्या जणांनी इतका गलथानपणा केला आणि एकाच्याही हातून काही घडलं नव्हतं. काल ती गुन्हेगार होती तेव्हा किती सुखात होती. कुणीतरी चुकलेलं असावं लागतं. चुकलेलं दुरुस्त करता येतं. जे बरोबरच आहे त्याचं काय करायचं?

मॅडमनी जवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रिपोर्ट तोच राहिला," त्या म्हणाल्या. "बदलायचं काही नाही त्यात."

"बफर चुकलं होतं, हे लिहायचं."

"उत्तर चुकलं नव्हतं."

"ते तुम्हाला ठाऊक नव्हतं मॅडम. सही केलीत तेव्हा ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं." तिचा आवाज चढला. लांब्या खिडकीकडे बघायला लागला.

मॅडमनी भांडायला हवं होतं. लॅबचं नाव, नोकरी, वरचे लोक, काहीतरी काढायला हवं होतं. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही. "बरं, लिही," त्या म्हणाल्या. "मीटर बंद असताना काम चालू ठेवायला मी सांगितलं, तेही लिही." आणि हळूच म्हणाल्या, "घरी सांगितलंस का काही?"

धाकटीने वर बघितलं. मॅडमनी पुढे काही विचारलं नाही.

ती चालत घरी निघाली. रस्त्यात दुकानं उघडी होती, माणसं भाव करत होती, एक पोरगा आईच्या कडेवर चप्पल पाडत होता आणि आई दर वेळी वाकून उचलत होती. कुणीही कुणाला काही सांगायला चाललेलं दिसत नव्हतं. जिन्याखाली ती थांबली. वरून मशीनचा आवाज येत होता, एकसारखा, मग थांबायचा, मग पुन्हा. ती तो आवाज थांबायची वाट बघत राहिली, आणि तो थांबला की पुन्हा सुरू व्हायची वाट.

दार उघडंच होतं. दादा कामावर गेला नव्हता. वहिनीने निळा ड्रेस घातला होता, तो पोटावर सैल, नीट बसला होता. तिने धाकटीकडे एकदा बघितलं आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

"फोन उचलला नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"चुकलं होतं म्हणालीस ना?"

"चुकलं होतं."

"मग?"

"नीट करून लावलं. तेच आलं."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, ती तिथेच खाली बसली. दादा म्हणाला, "परत लाव. आणखी एकदा लाव. एकदा चुकू शकतं तर..."

"संपलं दादा. सँपल संपलं. आणि आता चुकलेलं नाही. मी बघितलं. सगळं बघितलं."

वहिनी रडली नाही. तिने मशीनवरचा दोऱ्याचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "मला सांग नीट. काय झालं होतं ते. पहिल्यापासून सांग."

"कशाला आता?"

"मला समजू दे."

धाकटीने सांगितलं. बरण्या दोन, झाकण एक. भुकटी आणि खडे. प्रत्येक कणाबरोबर बांधलेले पाण्याचे बारा कण. तराजूला ते दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. वजन बरोबर दिसतं, मीठ कमी पडतं. वहिनी मन लावून ऐकत होती, मापं घेताना गिऱ्हाइकाचं ऐकते तशी, मधूनच मान हलवत. शाळेत कुणी धाकटीचं इतकं ऐकलं नव्हतं.

"म्हणजे ऊब लागेपर्यंत कळलंच नसतं," वहिनी म्हणाली.

"नसतं."

"बरणी तिकडे थंडीत राहिली असती तर तुला काही दिसलं नसतं. आणि मी आज सकाळी जाऊन आले असते."

"हो."

"शर्ट घालून."

धाकटीने निळ्या ड्रेसकडे बघितलं.

"मग मला कशाला सांगितलंस?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "एक दिवस. एक दिवस गप्प बसता आलं नाही तुला?"

मॅडमनी तर गप्पच राहायला सांगितलं होतं. धाकटी उभीच राहिली, आणि तिच्या तळव्याला कालची जागा अजून आठवत होती.

दादा खिडकीत जाऊन इस्पितळात फोन लावत होता. आजची तारीख रद्द केलीत ना, मग आता नव्याने घ्यावी लागेल, असं काहीतरी पलीकडून चाललं होतं. "हो," तो म्हणत होता. "हो. आमचंच. हो, पुढे ढकललं होतं. नाही, आता ढकलायचं नाही." मग त्याला थांबायला सांगितलं असावं, कारण तो फोन कानाला लावून नुसता उभा राहिला, आणि फोनमधून बारीक गाणं वाजत राहिलं.

वहिनी उठली. आत जाऊन तिने ड्रेस बदलला, दादाचा शर्ट घालून आली. निळा ड्रेस तिने मशीनवर उलटा पसरला. बाजूच्या शिवणीवर जुन्या टाक्यांची भोकं अजून दिसत होती, एका ओळीत. तिने कापड त्या ओळीवर दुमडलं, दाबलं, सुईखाली सरकवलं.

"वहिनी, राहू दे ना ते आज," धाकटी म्हणाली.

"मग कधी करू?" वहिनी म्हणाली आणि तिने चाक फिरवलं.